मास्कचा साठा जिल्ह्याच्या भांडारात की आशाताईच्या पिशवीत? पुढची साथ येण्याआधी विचारायचा प्रश्न

एप्रिल २०२०. टाळेबंदी लागून काही आठवडे झाले होते. मुंबई-पुण्याहून माणसं मिळेल त्या वाटेने गावाकडे येत होती. गावाच्या वेशीवर बांबू आडवे टाकलेले, शाळेच्या खोल्यांमध्ये विलगीकरण सुरू. अशा वेळी घरोघरी जाऊन 'कोण आलंय, कुठून आलंय, ताप-खोकला आहे का' हे विचारत फिरत होत्या त्या आशाताई. कितीतरी जणींच्या तोंडाला घरी शिवलेला कापडी मास्क होता, नाहीतर साडीचा पदर.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत गावपातळीवर सर्वेक्षण करणाऱ्या आशा आणि अंगणवाडी कर्मचाऱ्यांसाठी दोनच वस्तू सांगितल्या होत्या: तिपदरी मास्क आणि हातमोजे. म्हणजे नखशिखांत झाकणारा पोशाख कुणी मागत नव्हतं. चार-दहा रुपयांची वस्तू, पण तीही वेळेवर सगळ्यांच्या हाती पडली नाही.

'साथच अचानक आली, कोण काय करणार?' हे उत्तर तेव्हा ऐकायला मिळालं आणि आजही मिळतं. ते अर्धंच खरं आहे. साथ अचानक आली, पण साठा नसणं ही काही अचानक घडलेली गोष्ट नव्हती.

देशाच्या हाताशी किती होतं?

भारतात पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० ला केरळमध्ये सापडला. दुसऱ्याच दिवशी केंद्राने मास्क आणि संरक्षक कपड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. आठवडाभरात, ८ फेब्रुवारीला, साध्या सर्जिकल मास्कपुरती ती सैल केली आणि १९ मार्चला पुन्हा आवळली. १३ मार्चला मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत गेले. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली, ती अशी.

३० मार्चला केंद्राने जो हिशेब दिला त्यानुसार देशभरातल्या रुग्णालयांत मिळून ३ लाख ३४ हजार पीपीई पोशाख आणि ११ लाख ९५ हजार एन-९५ मास्क होते. आता हा आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून बघा. मे महिन्यात देशातले कारखाने दिवसाला साडेचार लाख पोशाख शिवू लागले होते. म्हणजे मार्चअखेर अख्ख्या देशाकडे जेवढे पोशाख होते, ते मे महिन्यातल्या एका दिवसाच्या उत्पादनापेक्षाही कमी होते.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. एक, ठरवलं तर आपल्याकडे माल तयार होऊ शकतो. साथीआधी हे पोशाख देशात जवळपास बनतच नव्हते, तिथे दोनेक महिन्यांत भारत जगातला दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक झाला. ही कामगिरी कमी नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते दोनेक महिने कुणी, कशाच्या भरवशावर काढले? आपत्कालीन साठा असतो तो नेमक्या याच दिवसांसाठी. कारखाना सुरू होईपर्यंत, टेंडर निघेपर्यंत, ट्रक पोहोचेपर्यंतची मधली खिंड लढवायला.

नागपूरच्या एका डॉक्टरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२० ला आदेश दिला की कोरोना रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय आणि इतर कर्मचाऱ्यांना योग्य पीपीई मिळालंच पाहिजे. त्या आदेशात महानगरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीतली शहरं यांचा उल्लेख होता. तेव्हा रुग्ण तिथेच होते. गावाची पाळी नंतर आली आणि गावाच्या वाट्याला साधनंही नंतरच आली. २०२१ च्या जूनमध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा मानधन हा मुख्य मुद्दा होता. पण सुरक्षेच्या साधनांची तक्रार दुसऱ्या लाटेतही संपलेली नव्हती.

श्रीमंतांचंही कोठार रिकामंच निघालं

'आपला देश गरीब, म्हणून असं झालं' असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याची गोष्ट वाचण्यासारखी आहे.

२००६ मध्ये बर्ड फ्लूची भीती होती. तेव्हाचे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी २० कोटी डॉलरहून जास्त खर्च करून मोठा साठा उभारला. ५ कोटी एन-९५ मास्क, २,४०० व्हेंटिलेटर आणि प्रत्येकी २०० खाटांची तीन फिरती रुग्णालयं. तयारी म्हणजे अशी की दृष्ट लागावी.

पुढे मंदी आली, तिजोरीत खडखडाट झाला. २०११ मध्ये या साठ्याच्या देखभालीचा वर्षाचा ५८ लाख डॉलरचा खर्च बंद करण्यात आला. हिशेब सोप्या भाषेत सांगायचा तर शंभर रुपयांची वस्तू घेतली आणि ती सांभाळायला वर्षाला लागणारे तीन रुपये वाचवले. मास्कची मुदत संपत गेली, यंत्रं दुसरीकडे गेली आणि २०२० मध्ये कोरोना दारात आला तेव्हा ते कोठार उपयोगाचं उरलं नव्हतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय साठ्याची गतही फार वेगळी नव्हती. १९९९ पासून हा साठा आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूत त्यातून सुमारे साडेआठ कोटी एन-९५ मास्क वाटले गेले. वाटले ते बरंच झालं, साठा त्याचसाठी असतो. पण वाटलेले मास्क पुन्हा भरले नाहीत. २०२० च्या सुरुवातीला तिथे वापरण्याजोगे एन-९५ उरले होते सुमारे १ कोटी २० लाख. मोठ्या साथीत ३५० कोटी लागतील असा त्यांच्याच आरोग्य खात्याचा अंदाज होता. म्हणजे गरजेच्या शंभरात एकही नाही.

ब्रिटनचा धडा निराळा आहे आणि ग्रामीण भागाने तो जास्त लक्षात ठेवायला हवा. त्यांच्याकडे साठा होता, पण तो फ्लूच्या साथीसाठी बांधलेला. अंगभर घालायचे गाऊन त्यात नव्हते. गाऊन घ्या, असा सल्ला तज्ज्ञांच्या समितीने जून २०१९ मध्ये दिला होता, पण खरेदी होण्याआधीच साथ आली. पुढे तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला. मार्च ते जुलै २०२० मध्ये सरकारी रुग्णालयांना त्यांच्या अंदाजे गरजेच्या ८० टक्के साधनं सरकारकडून मिळाली, तर वृद्धाश्रम आणि घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या क्षेत्राला फक्त १० टक्के.

८० आणि १०. देश कुठलाही असो, टंचाईत माल आधी मोठ्या इमारतीकडे जातो. घरोघरी फिरणाऱ्या माणसाचा नंबर शेवटी लागतो. आपल्याकडे त्या शेवटच्या माणसाचं नाव आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचा सफाई कामगार, १०८ रुग्णवाहिकेचा चालक, बंदोबस्ताला उभा केलेला होमगार्ड.

पेवातलं धान्य कसं टिकायचं?

साठ्याचं शास्त्र आपल्याकडे नवीन नाही. जुन्या गावांत धान्याची पेवं असायची. पेव एकदा भरलं आणि वर माती टाकून विसरलं, तर आत कुजलेलं धान्यच सापडणार. जुनं काढायचं, खायचं, त्या जागी नवं भरायचं. पेव टिकायचं ते या फिरवण्यामुळे.

तेच तत्त्व आज देशाच्या धान्यसाठ्याला लागू आहे. केंद्राने गहू-तांदळाचा किमान साठा किती असावा हे तिमाहीनुसार ठरवून दिलं आहे. १ जुलैला तो ४११ लाख टनांच्या वर असावा लागतो. पण हे धान्य गोदामात पडून राहत नाही. एका बाजूने खरेदी होते, दुसऱ्या बाजूने रेशन दुकानातून माल जातो. गोदामही भरलेलं राहतं आणि धान्यही फिरत राहतं. त्रुटी असतील, तक्रारी तर असतातच, पण टाळेबंदीत रेशनवर मोफत धान्य देता आलं ते कोठारात धान्य होतं म्हणून.

मास्कचं नेमकं हेच करायला हवं. एन-९५ मास्क साधारण पाच वर्षं टिकतो. पुढे त्याचे पट्टे सैल पडतात, तोंडाला घट्ट बसत नाही. हातमोजे उन्हाने, उष्णतेने चिकट होतात, फाटतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय तापमान असतं हे सांगायला नको. तेव्हा हा माल 'आपत्तीसाठी राखीव' अशी चिठ्ठी लावून कुलपात ठेवणं म्हणजे पाच वर्षांनी तो निर्लेखित करण्याची तयारी आत्ताच करून ठेवणं.

उपाय साधा आहे. आरोग्य केंद्राला रोज मास्क लागतातच. हातमोजे तर बाळंतपणापासून ड्रेसिंगपर्यंत सगळीकडे लागतात. नवीन माल आला की तो राखीव साठ्यात मागे ठेवायचा आणि रोजच्या वापराला राखीव साठ्यातला सगळ्यात जुना माल काढायचा. किराणा दुकानदार बिस्किटाचे पुडे असेच लावतो. जुना पुढे, नवा मागे. राखीव साठ्याची पातळी तेवढीच राहते, मुदत मात्र कधीच संपत नाही.

तालुक्यातच का? जिल्ह्याला ठेवलं तर चालणार नाही का?

याचं उत्तर केरळने २०१८ मध्ये दिलं आहे. कोझिकोड जिल्ह्यात निपाहची साथ आली. त्या साथीत १७ जणांचा मृत्यू झाला. त्यांत लिनी पुथुस्सेरी या नर्स होत्या. त्या काम करत होत्या पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात. पहिला रुग्ण तिथे आला तेव्हा हा निपाह आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ताप म्हणून आलेला एक रुग्ण, त्याची शुश्रूषा करणारी एक नर्स. निदान झालं, यंत्रणा हलली, ते नंतर.

नवी साथ कधीच नाव सांगून येत नाही. ती आधी गावच्या दवाखान्यात, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात साधा ताप म्हणून येते. जिल्ह्याला खबर लागेपर्यंत, पुण्याला नमुना जाऊन अहवाल येईपर्यंत पहिल्या फळीतल्या माणसाने त्या रुग्णाला हात लावलेला असतो. त्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्याच्या भांडारातल्या मास्कचा उपयोग काय? आडात असलं तरी पोहऱ्यात यायला दोर लागतो. टाळेबंदीत तो दोरच तुटला होता. गाड्या नाहीत, माणसं नाहीत, पासशिवाय हालचाल नाही.

पैसे किती लागतील?

इथे पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब करता येतो. निकषाप्रमाणे सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि हजार लोकसंख्येला एक आशा. म्हणजे एका केंद्राखाली साधारण ३० आशा. डोंगरी-आदिवासी भागात केंद्र २० हजारांना.

समजा, प्रत्येक आशाला रोज दोन तिपदरी मास्क द्यायचे आणि साठा ९० दिवसांचा ठेवायचा. ३० गुणिले २ गुणिले ९०, म्हणजे ५,४०० मास्क. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने तिपदरी मास्कची कमाल किंमत ४ रुपये ठरवली होती. त्या दराने खर्च होतो २१ हजार ६०० रुपये. केंद्रात रुग्णांना हात लावणारे १५ कर्मचारी धरले आणि त्यांना रोज एक एन-९५ दिला, तर ९० दिवसांचे १,३५० मास्क. तेव्हाच्या सर्वांत वरच्या, ४९ रुपये दराने ६६ हजार १५० रुपये.

दोन्ही मिळून ८७ हजार ७५०. हातमोजे, चष्मे, काही पोशाख आणि सफाई कामगारांचा वाटा धरला तर आकडा वाढेल, आजचा दरही वेगळा असेल. पण तो कोटीत जाणार नाही, हे नक्की. शिवाय माल रोजच्या वापरात फिरवला तर हा खर्च एकदाच करायचा. नंतरची खरेदी ही नेहमीचीच खरेदी.

९० दिवस हा आकडाही हवेतला नाही. हात पोळल्यावर कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२० मध्ये कायदा केला. महामारीत ९० दिवस पुरेल एवढा साठा राज्याने ठेवावा आणि तो फक्त डॉक्टर-नर्सपुरता नसावा. शाळेतले कर्मचारी, मुलं सांभाळणारे, घरी जाऊन आजारी-वृद्धांची सेवा करणारे यांनाही त्या कायद्याने 'अत्यावश्यक कामगार' म्हटलं. रुग्णालयांनी स्वतःचा तीन महिन्यांचा साठा ठेवावा, असाही वेगळा कायदा झाला. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर. पण कोणाला द्यायचं ते कायद्यात आधीच लिहून ठेवलं, हे शिकण्यासारखं आहे.

साठ्याला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा

साठ्याच्या नावाखाली पैशाचा चुराडा होतो, हा आक्षेप खोटा नाही. ब्रिटननेच ते दाखवून दिलं. टंचाईत घाबरून त्यांनी मिळेल तिथून, मिळेल त्या भावाने माल उचलला. २०२०-२१ मध्ये घेतलेल्या सुमारे १,२१० कोटी पौंडांच्या पीपीईपैकी ८७० कोटी पौंडांचं मूल्य हिशेबातून कमी करावं लागलं. काही माल निकृष्ट, काही जास्तीचा, काही चढ्या भावाचा. वापरता न येणारा माल जाळून वीज करायची वेळ आली.

पण हा चुराडा आधीपासून साठा ठेवल्यामुळे झाला नाही. तो साठा कमी पडल्यावर घाईत केलेल्या खरेदीमुळे झाला. आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५० नुसार आपत्तीत टेंडरशिवाय तातडीची खरेदी करता येते. ती तरतूद गरजेची आहे. पण तिचा वापर जितका कमी करावा लागेल तितकं बरं. शांतपणे, दर तपासून, दर्जा बघून घेतलेला माल स्वस्त पडतो. पोशाखासाठी आयएस १७४२३, एन-९५ प्रकारच्या मास्कसाठी आयएस ९४७३ अशी भारतीय मानकं आहेत. खोक्यावर हा क्रमांक आहे का, हे शांततेच्या काळात बघायला सवड असते. साथीत खोकं आलं हेच नशीब म्हणायची वेळ येते.

दुसरा मुद्दाही रास्त आहे. पुढची साथ वेगळी असेल, मास्क लागणारच नाहीत कदाचित. असू शकतं. म्हणूनच वर्षानुवर्षं पुरेल असा डोंगर रचायचा नाही. ९० दिवसांचा, रोज वापरात असलेला साठा ठेवायचा. साथ आली नाही तरी त्यातला एकही मास्क वाया जात नाही, क्षयरोगाच्या रुग्णाला भेटणाऱ्या कर्मचाऱ्याला तो आजही लागतो.

कायद्यात आहे, दफ्तरात आहे का?

साठा ठेवणं ही कुणाची मेहेरबानी नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३० मध्ये जिल्हा प्राधिकरणाची कामं दिली आहेत. मदत आणि बचाव साहित्याचा साठा उभारणं किंवा ते साहित्य तातडीने मिळेल अशी तयारी ठेवणं हे त्यातलंच एक काम. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कलम ३१ नुसार जिल्ह्याचा आपत्ती आराखडा असावा लागतो आणि दरवर्षी त्याचा आढावा घ्यावा लागतो.

हे आराखडे पावसाळ्याच्या तोंडावर चर्चेत येतात. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, पट्टीचे पोहणारे कोण, याची यादी त्यात असते, आणि ती असायलाच हवी. त्याच यादीत मास्क, हातमोजे आणि पोशाख यांचा एक तक्ता जोडायला वेगळा कायदा लागत नाही. तालुकानिहाय किती, कुठे ठेवले, मुदत कधी संपते, जबाबदार अधिकारी कोण आणि साथ आली तर पहिल्या दिवशी कुणाकुणाला किती द्यायचे. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात आशा, अंगणवाडी सेविका, सफाई कामगार यांची संख्या आधीच लिहिलेली असेल, तर टंचाईत त्यांचा वाटा कुणी परस्पर वळवू शकणार नाही.

राज्याने २०२३ मध्ये औषधं आणि वैद्यकीय साहित्याच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. खरेदी कोण करणार, हा प्रश्न त्यातून सुटेल. माल गावापर्यंत येतो का आणि आल्यावर फिरतो का, हे मात्र स्थानिक पातळीवरच बघावं लागेल.

त्यासाठी फार काही करायचं नाही. पुढच्या ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत चार प्रश्न विचारायचे:

– आपल्या आरोग्य केंद्रात आज किती मास्क आणि हातमोजे शिल्लक आहेत?
– त्यांची मुदत कधी संपते?
– गावातल्या आशा आणि सफाई कामगारांचा वाटा त्यात धरला आहे का?
– साथ आली तर ते किती दिवस पुरतील?

उत्तर साठा नोंदवहीत असायला हवं. तोंडी मिळालं नाही तर माहिती अधिकारात मागता येतं.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. त्याआधी त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, थाळ्याही वाजल्या. सत्कारात मिळालेलं श्रीफळ आणि शाल त्यांनी घरी नेलं. पुढच्या साथीत कामावर निघताना तिच्या पिशवीत दोन मास्क आणि हातमोज्यांची जोडी असेल की नाही, ते आज, साथ नसताना, आरोग्य केंद्राच्या कपाटात काय आहे त्यावर ठरणार आहे.